हायवे १४ : डोंगरउतारावरच्या पट्ट्यांचा इतिहास

विस्कॉन्सिन म्हटलं की आपल्या मंडळींना तीन गोष्टी आठवतात : चीज, थंडी आणि डेल्सचे वॉटर पार्क. शिकागोहून मिनियापोलिसकडे निघालेले आपण सगळे आय-९०/९४ पकडतो, एखाद्या रेस्ट एरियात पुरीभाजीचा समाचार घेतो आणि पुन्हा क्रूझ कंट्रोल लावतो. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात. त्यांचं काही चुकत नाही, बघण्यासारखं बाहेर फारसं काही नसतंच.

पण मॅडिसनहून ला क्रॉसला जायला यू. एस. हायवे १४ नावाचा दुसरा रस्ता आहे. स्प्रिंग ग्रीन, रिचलंड सेंटर, रीड्सटाऊन, व्हिरोक्वा, वेस्टबी, कून व्हॅली अशी गावं घेत तो जातो. वेळ अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. ला क्रॉसच्या एका प्रोजेक्टमुळे मी जवळजवळ दोन वर्षं दर सोमवारी या रस्त्याने जात होतो आणि गुरुवारी परतत होतो. (पहिले दोन आठवडे इंटरस्टेटने गेलो, ते सोडून द्या.) स्प्रिंग ग्रीनजवळ फ्रँक लॉइड राइटचं ‘टॅलिएसिन’ आहे आणि रिचलंड सेंटर हे त्याचं जन्मगाव, पण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते व्हिरोक्वाच्या पुढच्या शेतांबद्दल.

तिथे रस्ता डोंगरमाथ्यावरून चालतो आणि वेस्टबी सोडल्यावर कून व्हॅलीच्या खोऱ्यात उतरतो. जून-जुलैत दोन्ही बाजूंचे उतार पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. मक्याचा गडद हिरवा पट्टा, त्याला लागून लसूणघासाचा (म्हणजे इथल्या अल्फाल्फाचा) फिकट हिरवा, मग ओटचा पिवळसर. सगळे पट्टे डोंगराच्या वळणाबरोबर वळलेले, इरकलीच्या काठासारखे. पाहणाऱ्याला वाटतं, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेतीची रीत असणार. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात या पट्ट्यांचं जन्मवर्ष सांगता येतं : १९३३-३४. त्याआधी इथे जे होतं ते पाहायला कोणी गाडी थांबवली नसती.

थोडा भूगोल सांगायला हवा. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांनी मिडवेस्टचा बराचसा भाग रंधा मारल्यासारखा सपाट केला आणि जाताना दगडगोटे, गाळ मागे टाकला. त्या गाळाला भूशास्त्रात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. विस्कॉन्सिनचा हा नैऋत्य कोपरा मात्र बर्फाच्या तडाख्यातून सुटला, म्हणून तो ‘ड्रिफ्टलेस’. इथले डोंगर, अरुंद दऱ्या, वाळूच्या दगडाचे कडे सगळे शाबूत राहिले. वरचा मातीचा थर वाऱ्याने आणून टाकलेला. पिठासारखी मऊ, अतिशय सुपीक माती, आणि पाण्याबरोबर तितक्याच सहज वाहून जाणारी.

ही भूमी मुळात हो-चंक लोकांची. १८३७ च्या तहाने त्यांच्याकडून मिसिसिपीच्या पूर्वेची सगळी जमीन काढून घेतली गेली. त्यांना पुन्हा पुन्हा हुसकावलं गेलं आणि त्यातले कितीतरी पुन्हा पुन्हा चालत परत आले. त्याआधी १८३२ मध्ये सॉक जमातीचा ब्लॅक हॉक आपल्या माणसांना घेऊन सैन्यापुढे पळत याच डोंगरांतून मिसिसिपीपर्यंत पोचला होता. तिथे ‘बॅड ॲक्स’ची लढाई झाली. लढाई कसली, कत्तलच ती. व्हिरोक्वा ज्या काउंटीत येतं तिचं नावही आधी बॅड ॲक्स होतं, ते १८६२ मध्ये बदलून व्हर्नन केलं गेलं.

१८४८ च्या सुमारास इथे नॉर्वेजियन शेतकरी येऊ लागले. वेस्टबीत आजही दुकानांच्या पाट्यांवर नॉर्वेजियन नावं दिसतात. पण या मंडळींच्या हाती जमीन आली ती सरकारी मोजणीने चौकोनी कापलेली. डोंगर असो, दरी असो, नकाशावर सगळे चौकोन. मग कुंपणं चौकोनी, शेतं चौकोनी आणि नांगरट कुंपणाला समांतर, सरळ रेषेत, म्हणजे बऱ्याचदा उताराला उभी. शिवाय सरळ तास ही शेतकऱ्याची शान. आधी गहू घेतला. काही दशकांत जमिनीचा कस गेला, किडीनेही छळलं, तेव्हा विस्कॉन्सिन दुधाकडे वळलं. आता गाई वाढल्या आणि त्या चरायला सर्वांत उभ्या उतारावरच्या जंगलात सोडल्या जाऊ लागल्या. गाईंनी तिथला पालापाचोळा आणि रोपटी साफ केली.

१९२० च्या दशकापर्यंत प्रत्येक जोरदार पावसात डोंगरावरून चिखल खाली येत होता. उतारांवर घळी पडल्या. खालच्या पूरमैदानात कित्येक फूट गाळ साचला. जी माती वर हवी ती खाली आणि खालची चांगली कुरणं तिच्याखाली गाडलेली, असं दुहेरी नुकसान.

सप्टेंबर १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, रूझवेल्ट सरकारने ‘सॉइल इरोजन सर्व्हिस’ सुरू केली. प्रमुख होते ह्यू हॅमंड बेनेट. एका संपूर्ण पाणलोटाचं एकत्र काम करून दाखवायचा देशातला पहिला प्रकल्प त्यांनी कून क्रीकला दिला. क्षेत्र सुमारे ९२,००० एकर. विस्कॉन्सिन विद्यापीठातले ॲल्डो लिओपोल्ड सल्ला द्यायला होते. त्यांनी १९३५ मध्ये या खोऱ्यावर लिहिलेला लेख पर्यावरणाच्या अभ्यासात आजही वाचला जातो.

योजना साधी होती. शेतकऱ्याशी पाच वर्षांचा करार. सरकार मजूर, कुंपणाची तार, चुना, बियाणं आणि रोपं देणार. शेतकऱ्याने आडवी नांगरट करायची, मका आणि चारा यांचे आलटून पालटून पट्टे घ्यायचे आणि सगळ्यांत उभ्या उतारावर गाई सोडायच्या नाहीत. म्हणजे जुनी चौकोनी कुंपणं उपटायची आणि बापजाद्यांचे सरळ तास मोडून वाकडे काढायचे! तरीही खोऱ्यातल्या सुमारे आठशे शेतकऱ्यांपैकी चारशेच्या वर लोकांनी सह्या केल्या. सक्ती नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मजूर आले ते ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’चे, म्हणजे बेकार घरांतली तरुण पोरं. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी पाठवले जायचे. हे वाचताना मला आपली १९७२ च्या दुष्काळातली कामं आठवली. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं. ‘बंडिंगच्या कामावर’ आणि सुकडी हे शब्द मी आजीच्या तोंडून इतके ऐकलेत की ती नातेवाइकांची नावं असावीत असं लहानपणी वाटायचं. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं तेही १९३३ मध्येच. मुंबई प्रांताने १९४२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा करून बांधबंदिस्ती हाती घेतली. फरक असा की आपल्याकडे काहींची हरकत असली तरी योजना सक्तीने राबवायची तरतूद कायद्यातच होती. बांध सरकारी रेषेने जायचा, शेताच्या हद्दीला जुमानायचा नाही. असे बांध लोकांनी पुढे फोडले असतील तर मला नवल वाटत नाही. कून व्हॅलीतल्या शेतकऱ्याला मात्र पट्ट्यांतून रोजचा फायदा दिसत होता. पट्ट्यातला चारा त्याच्याच गाई खात होत्या.

परिणाम मोजलाही गेला. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिम्बल यांनी या खोऱ्यातल्या गाळाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार पूरमैदानात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकाच्या तुलनेत जेमतेम ६ टक्के उरला होता. शेती तीच, डोंगर तेच, पाऊसही फारसा वेगळा नव्हता. बदलली होती ती नांगराची दिशा आणि पिकांची मांडणी.

आपण ज्या गुळगुळीत आडरस्त्यांवरून फिरतो त्यांचं श्रेयही गाईंनाच. दूध नासकं. ते रोज, बर्फातसुद्धा डेअरीपर्यंत पोचायला हवं, म्हणून विस्कॉन्सिनने खेड्यापाड्यांचे रस्ते लवकर पक्के केले. १९१८ मध्ये हायवेंना नंबर देणारं हे देशातलं पहिलं राज्य.

आता याच साखळीचा एक दुवा तुटतो आहे. पट्ट्यांना चारा पीक हवं, चाऱ्याला खाणारी गाय हवी. विस्कॉन्सिनमध्ये १९२० च्या दशकात अडीच हजारांहून जास्त चीज फॅक्टऱ्या होत्या. दूध विकायचा परवाना असलेले कळप या शतकाच्या सुरुवातीला वीस हजारांच्या घरात होते, २०२४ पर्यंत ते सहा हजारांच्याही खाली आले. ज्याने गाई विकल्या तो लसूणघास कोणासाठी लावणार? तो मका आणि सोयाबीन लावतो. मोठ्या यंत्रांना अरुंद वळणाचे पट्टे अडचणीचे होतात, मग दोन-तीन पट्टे मिळून एक सलग शेत होतं. हायवेवरून असे उतार आता सहज ओळखू येतात. तिथे सगळा एकच रंग असतो.

२७-२८ ऑगस्ट २०१८ च्या रात्री या भागात काही ठिकाणी दहा इंचांच्या आसपास पाऊस पडला. १९५०-६० च्या दशकांत बांधलेल्या मातीच्या छोट्या धरणांपैकी कून क्रीकवरची तीन आणि शेजारच्या वेस्ट फोर्क किकापूवरची दोन फुटली. कून व्हॅली गावात पाणी शिरलं. धरणाची भिंत जिथे डोंगराला टेकते तिथल्या भेगाळलेल्या खडकातून पाण्याने वाट काढली होती. उरलेली धरणंही मोडीत काढावीत अशी शिफारस नंतरच्या सरकारी अभ्यासात झाली. काही शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी एकत्र येऊन पाणलोट परिषद काढली. नव्वद वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा उभा आहे : पाणी वरच, शेतातच कसं मुरवायचं? या वेळी उत्तरात गाय धरता येत नाही, एवढी अडचण वाढली आहे.

जायचं असेल तर जूनच्या शेवटी जा, सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना. कून व्हॅलीत हायवेलगत ‘देशातला पहिला पाणलोट प्रकल्प’ अशी माहिती देणारा फलक आहे. गाडी उभी करायला जागा आहे. व्हर्नन काउंटीत अमिश लोकांची वस्ती बरीच आहे. वळणापलीकडे त्यांची घोडागाडी असू शकते, तेव्हा वेग बेताचा ठेवा.