सोयाबीनचे पोते आणि स्टेरॉलचा इतिहास



दसऱ्यानंतर वाशीमच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या राशी पडतात, तेव्हा हमालाला मान वर करायला सवड नसते. त्या दिवसांत दुपारी त्यांच्यात बसून भाकर खाण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. कामगार संघटनेच्या माणसाने तेलाच्या इतिहासावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण पोत्यात काय आहे हे पोते वाहणाऱ्याने विचारायचे नाही, तर कोणी?

दाण्यातील तेलात स्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. प्राण्यांच्या शरीरात कोलेस्टेरॉल, तसे वनस्पतींत हे. भावंडेच म्हणा ना. रूप सारखे असल्यामुळे आतड्याच्या दाराशी दोघांची रेटारेटी होते आणि थोडे कोलेस्टेरॉल बाहेरच राहते. स्टेरॉल स्वतः मात्र रक्तात फारसे शिरत नाही, शेकडा पाचाहूनही कमी.

हे स्टेरॉल कारखान्यात हाती लागले ते एका गळतीमुळे. 1940च्या सुमारास शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीन तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरले आणि तेलात पांढरा गाळ धरला. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता. पण तेथे पर्सी ज्युलियन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने ते स्टेरॉल ओळखले आणि त्यापासून औषधी संप्रेरके बनविण्याची वाट मोकळी केली. हा ज्युलियन गुलामांचा नातू. कातडी काळी म्हणून विद्यापीठाने प्राध्यापकी नाकारली, म्हणून तो कारखान्यात आला; आणि 1950 साली गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तर राहायला जाण्याआधीच ते पेटविण्याचा प्रयत्न झाला. आमच्या सभांत हे नाव आम्ही मुद्दाम सांगतो.

पुढे 1951 साली पीटरसनने कोंबड्यांवर प्रयोग केला. खाद्यात कोलेस्टेरॉल घातले की रक्तात ते वाढे; सोबत सोयाबीनचे स्टेरॉल दिले की ती वाढ रोखली जाई. 1995 साली फिनलंडमध्ये लाकडाच्या लगद्यापासून कागद करताना निघणाऱ्या तेलातील स्टेरॉलवर प्रक्रिया करून ते लोण्यासारख्या पदार्थात घातले आणि विकले. रोज सुमारे 2 ग्रॅम पोटात गेले, तर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरते. मात्र त्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे अजून प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. साध्या जेवणातून 200 ते 400 मिलिग्रॅम मिळते, म्हणजे 2 ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. येथे पूर्वी करडई, जवस, तीळ आणि भुईमूग यांचे तेल बैलघाण्यावर निघे. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणी सुधारण्याचे काम हाती घेतले. ज्या तिळाला आपण संक्रांतीपुरता मान देतो, त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 400 मिलिग्रॅम स्टेरॉल असते. 1980 नंतर मध्य प्रदेशाकडून सोयाबीन सरकत आले आणि आपल्या जिल्ह्याचा खरीप त्याने व्यापला. सोयाबीन तेलातही 100 ग्रॅमला 250 ते 300 मिलिग्रॅम असतेच. तेलाचा वास काढताना स्टेरॉलचा काही भाग वाफेबरोबर उडतो. कारखानदार तो गोळा करून वेगळा विकतात.

आणि हमालाच्या घरी काय येते? स्वस्त म्हणून बाहेरदेशीचे पामतेल. त्यात स्टेरॉल सोयाबीन तेलाच्या चौथाईच्या आसपास. आम्ही हे समजावून सांगत होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या हमालाने डबा उघडला. भाकरीवर जवसाची चटणी होती. आम्ही खूश होऊन म्हणालो, "हेच ते!" तो हसला. म्हणाला, "भाऊ, जवस आता कोन पेरते? हे सुनेनं मेडिकलातून आणलं, पुडीतलं."

आम्ही पुडी मागवून भाव वाचला. सोयाबीनच्या भावाशी त्याचा हिशेब मांडायला बसलो, तोच काट्यावर हाक आली आणि सगळे उठले.