दोन जुन्यांचा काढा

खोकला आवरा जरा. अजून उजाडायचंय, आणि तुम्ही जिच्या भिंतीला टेकून उभे आहात ती गल्ली लिनआनची आहे, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या हांगचौची. इथली थंडी ओली. तलावावरून येते, बाह्यांतून आत शिरते ती थेट छातीत जाऊन बसते. आता नाक दाबा! समोरून मैला वाहणारा येतोय. साध्या घरांत संडास नाहीत, लाकडी पिंपं आहेत, ती हाच माणूस रोज रिकामी करतो. वाट द्या त्याला.

टण्, टण्. लोखंडी पट्टी वाजवत एक भिक्खू दारावरून जातो आणि ओरडून सांगतो की आज आभाळ भरलंय. घरातल्या घरात, पांघरुणात पडल्या पडल्या लोकांना वेळही कळते आणि हवाही.

न्हाणीघराच्या दारात तोंड धुवायला गरम पाणी विकतायत, तिथे वाफेत थोडे शेका. पण तुमचं काम पलीकडच्या हातगाडीशी आहे. वास आला? वाळक्या संत्र्याच्या सालीचा, आल्याचा? पहाटे नाश्त्याच्या भाकऱ्यांशेजारी इथे काढा विकायला असतो. पेला दोन्ही हातांत धरा. आधी आलं घसा जाळतं, मग आंबट आलुबुखाराची चव येते आणि शेवटी जिभेच्या मुळाशी गोडवा उरतो. ही चव तुमच्या ओळखीची आहे. ज्येष्ठमध!

यात पाइनच्या मुळांवर वाढणारी पांढरी बुरशी आहे, आणि पान-शिया नावाचा छोटा कंदही. हा कंद आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. कच्चा खाल्ला तर घसा खाजून जीव नकोसा होईल. आपण सुरणाला चिंच लावतो, इथे या कंदाला आलं लावतात. साल आणि कंद जितके जुने तितके कफावर गुणकारी, असं इथे मानतात. म्हणून याचं नाव अर-छन-थांग, दोन जुन्यांचा काढा. औषधांची इतकी घरगुती नावं मला फार थोडी माहीत आहेत.

पण शेजारी टेकलेल्या हमालाकडे बघा. खांदे वर चढलेत, श्वासात शिट्टी वाजतेय, दोन शब्द बोलून तिसऱ्याला थांबतो. त्याला हा पेला पुरायचा नाही. हात धरा त्याचा, औषधालयात चला.

आत घर्रघर्र चालू आहे. एक पोरगा नावेसारख्या लोखंडी भांड्यात पायांनी चाक फिरवून काड्या भरडतोय. मातकट हिरव्या, बारीक काड्या: मा-हुआंग. एरवी तिची पेरं काढतात, कडू जर्दाळूच्या बिया सोलतात, ज्येष्ठमध भाजतात. या पुडीत तिन्ही तसेच, न सोललेले, न भाजलेले, समभाग. सान-आओ-थांग, तीन हट्टांचा काढा. बिया मात्र मोजूनच. जास्त झाल्या तर त्या विष आहेत.

भरड ५ छिएन, म्हणजे साधारण २० ग्रॅम. आल्याच्या ५ चकत्या. दीड पेला पाणी आटवून एक पेला. हमालाच्या खोलीत चुलीपाशी बसून तुम्हीच फुंका. धुरानं तुम्हालाही पुन्हा उबळ येईल. गाळा, गरम असतानाच पाजा, आणि अंगावर सापडेल ते सगळं घाला: गोधडी, कोट, पोतंसुद्धा.

मग वाट बघा. त्याच्या मनगटावर बोट ठेवलंत तर नाडी पळताना लागेल. ती या काडीची करामत. तिच्यातलं एफेड्रिन वेगळं करायला जपानच्या नागाई नागायोशींना १८८५ साल उजाडावं लागलं. खोलीत ओल्या पोत्याचा, घामाचा, आल्याचा वास कोंदतो. कपाळावर पहिला थेंब. मानेवर दुसरा. शिट्टी बारीक होत जाते, मधेच हरवते, परत येते.

बाहेर उजाडलंय. हमाल गोधडीतून डोकं काढतो आणि एका दमात विचारतो, ‘धक्क्यावरच्या माझ्या गोण्या कुणी उचलल्या तर नाहीत ना?’