बिचारा पांडू परतला

कन्नड भाषेत ‘पाप’ म्हणजे बिचारा. बंगळूरच्या सिहि कहि चंद्रू यांच्या ‘पाप पांडू’ या मालिकेतला, बायकोच्या हातचा मार खाणारा नायक 2018 मध्ये दूरचित्रवाणीवर परतला, तोही चिदानंद आणि शालिनी या मूळच्याच जोडीसह. मराठी रसिकांचा अनुभव निराळा. 1940 च्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर झाले, आणि तोही चिमणराव लोकांनी आपला मानला. पण चिमणराव चिं. वि. जोश्यांच्या लेखणीतून उतरलेला. त्याचा चेहरा ज्याने त्याने मनाशी कल्पिलेला. पांडू पडद्यावरच जन्मला. त्याचा दुसरा चेहरा चाहत्यांना ठाऊकच नव्हता. इतक्या वर्षांनी मार खायला उभा राहावा तो तोच पांडू, ही त्यांची अपेक्षा स्वाभाविकच म्हटली पाहिजे.