चंद्र पाहायची जागा

१८०४च्या सुमारास एदो शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने दुकानदारीतून अंग काढून घेतलं आणि बाग करायला घेतली. साहारा किकुउ हे त्याचं नाव. मूळचा उत्तरेकडच्या सेंदाईचा, नशीब काढायला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आलेला. सुमिदा नदीच्या पूर्वेला तेराजिमा नावाचं खेडं होतं. तिथे एका सामुराईच्या जुन्या वाड्याची जागा त्याने विकत घेतली. गाठीशी पैसा होताच, पण खरं भांडवल होतं ते ओळखींचं. जुनी भांडी आणि चित्रं धुंडाळत त्याच्याकडे येणारी कवी, चित्रकार आणि पंडित मंडळी आता बागेच्या कामाला लागली. त्यांच्या हातभाराने ३६० आलुबुखारवर्गी ‘उमे’ची झाडं उभी राहिली. चित्रकार साकाई होइत्सूने बागेचं नाव सुचवलं, ‘ह्याक्काएन’. ओता नाम्पो या विनोदी कवीने दारावरची पाटी लिहून दिली.

ही मुकोजिमा ह्याक्काएन बाग आजही जागेवर आहे आणि दर शरद ऋतूत तिथे चांदण्या रात्रीचा मेळा भरतो. जपानी माणूस चंद्र पाहायला जमतो, ही गोष्ट आता पर्यटनाच्या पुस्तकांनी पार गुळगुळीत करून टाकली आहे. शांतता, ध्यान, सौंदर्यदृष्टी वगैरे. त्यामागचा हजार-बाराशे वर्षांचा इतिहास मात्र बराच व्यवहारी आहे. चंद्र सर्वांचा खरा, पण तो चांगला दिसेल अशी जागा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो.

पहिली मालकी अर्थातच सम्राटांची. आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या रात्री मेजवानी करायची, कविता रचायच्या, ही रीत तांग काळातल्या चीनहून आली आणि क्योतोच्या दरबाराने ती उचलली. नवव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवर असलेल्या सम्राट सागांनी शहराच्या पश्चिमेला आपल्या विश्रामवाड्याशेजारी ओसावा नावाचं तळं तयार करवून घेतलं. चीनमधल्या दोंगतिंग सरोवराची आठवण म्हणून ते केलं, असं सांगतात. ८७६ साली त्या वाड्याचं दाइकाकुजी मंदिर झालं. तळं टिकलं. त्यावर होड्या सोडायच्या, एकीच्या नाळेवर ड्रॅगनचं तोंड, दुसरीच्या नाळेवर पक्ष्याचं, आणि आत बसून पाण्यातला चंद्र पाहायचा. मान वर करण्यापेक्षा पाण्यात किंवा मद्याच्या पेल्यात उतरलेलं बिंब पाहणं दरबारी मंडळींना अधिक भावे.

त्या काळी चंद्राकडे थेट टक लावून पाहणं सगळ्यांनाच रुचत होतं असंही नाही. ‘ताकेतोरी मोनोगातारी’ या जुन्या कथेत चंद्रावरून आलेली कागुया-हिमे आकाशाकडे पाहून उदास होते, तेव्हा चंद्राचं तोंड पाहणं बरं नव्हे, असं तिला बजावलं जातं. गणेश चतुर्थीला खिडकी लावून घेणाऱ्या घरांत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. त्याच कथेत कागुया-हिमेला चंद्रलोकी परत न्यायला दूत येतात तेही आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्रीच.

दुसरी मालकी राजपुत्रांची आणि सरदारांची. सतराव्या शतकात राजपुत्र तोशिहितो आणि त्याचा मुलगा तोशितादा यांनी क्योतोजवळ कात्सुरा नदीकाठी जो बागवाडा बांधला, त्याला चंद्राचं वेडच म्हणावं लागेल. जुन्या बैठकीच्या ओसरीला जोडून तळ्याच्या बाजूला बांबूंचा एक चौथरा पुढे काढलेला आहे, केवळ चंद्र पाहायला. या बैठकीचा रोख शरदातल्या चंद्रोदयाच्या दिशेने धरला होता, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. जवळच्या चहाघराच्या नावात चंद्र आणि लाटा दोन्ही आहेत. नव्या महालातल्या सरकत्या दारांना बोट घालून ओढायला ज्या धातूच्या खोबणी बसवल्या आहेत, त्यांचा आकार चिनी लिपीतल्या ‘चंद्र’ या अक्षराचा आहे. दार उघडलं की बोट चंद्रात. हौसेला मोल नसतं ते असं. १९३३ साली जर्मन वास्तुरचनाकार ब्रूनो टाउट जपानला आले आणि त्यांनी या वाड्याचं कौतुक जगभर नेलं. तो बांधला गेला तेव्हा मात्र तिथल्या चौथऱ्यावर राजपुत्राच्या पाहुण्यांखेरीज कोणाला प्रवेश नव्हता.

गावाकडचा चंद्र वेगळा होता. शेतकऱ्याला होडी नव्हती की चौथरा नव्हता, पण या सुमारास अळकुड्या काढणीला आलेल्या असत. त्याच उकडून चंद्रापुढे ठेवायच्या. सोबत सुसुकी नावाच्या रुपेरी तुऱ्यांच्या उंच गवताची जुडी आणि तांदळाच्या पिठाचे गोळे, म्हणजे दांगो. टोकियोच्या बाजूला हे दांगो वाटोळे करतात. क्योतो-ओसाकाकडे ते अळकुडीसारखे लांबट वळून वरून लाल चवळीचं गोड पुरण लपेटतात. पुष्कळ गावांत त्या रात्री पोरांनी लोकांच्या ओसरीवरचे दांगो चोरायचे अशी मुभा असे. काठीला खिळा ठोकून लांबूनच गोळा टोचून पळवायचा. नैवेद्य चोरीला गेला तर घरधनी खूशच, कारण तो शुभशकुन.

चंद्रावरचा ससाही याच घरांतून पोसला गेला. जपानी पोराला चंद्रावर ससा उखळात भात कुटताना दिसतो. हा ससा मूळचा आपल्याकडचा. जातककथांमधला ससा भुकेल्या अतिथीला द्यायला काही नाही म्हणून स्वतःच आगीत उडी घेतो आणि शक्र त्याचं चित्र चंद्रावर कोरतो. बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकू मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहात ही गोष्ट भारताच्या भागात सविस्तर आली आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर ससा चीनमार्गे गेला. उखळ-मुसळ मात्र त्याला वाटेतच मिळालं.

एदो हे शहर वाढलं तसा चंद्र बाजारात आला. अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात वस्ती असलेल्या या शहरात व्यापारी आणि कारागिरांच्या हातात पैसा होता, आणि करमणुकीची भूक त्याहून मोठी. सातव्या महिन्याच्या सव्विसाव्या रात्री चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर कोरीएवढा उगवतो. त्या उजेडात अमिदा बुद्ध आणि त्याचे दोन बोधिसत्त्व दिसतात, अशी श्रद्धा होती. ते दर्शन घ्यायला लोक ताकानावाच्या समुद्रकाठी जमत. तोपर्यंत रात्र काढायची कशी? तर सुशी, तेम्पुरा, सोबा, दांगो यांच्या टपऱ्या, गाणी-बजावणी, होड्यांतल्या मैफली. हिरोशिगेने काढलेल्या ताकानावाच्या छापचित्रात गाड्यांची ही रांग नीट पाहता येते. देवदर्शन किती जणांना घडलं कोण जाणे, पोटोबाची सोय पक्की होती. योशिवारातल्या कलावंतिणींच्या घरांनीही चंद्राचा उपयोग करून घेतला. आठव्या महिन्याची पंधरावी रात्र पाहिली की नवव्या महिन्याची तेरावी रात्रही पाहिलीच पाहिजे, एकच पाहणं अशुभ, हा समज गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा ओढून आणायला फारच सोयीचा होता.

किकुउने बाग काढली ती या शहरात. तो तळ्यांचा सम्राट नव्हता, पण दुकानदाराची नजर त्याच्याकडे होती. उमेचा बहर संपला की गिऱ्हाईक थांबू नये म्हणून त्याने जुन्या चिनी आणि जपानी काव्यांत उल्लेख असलेल्या वनस्पती हुडकून लावल्या. शरदातल्या सात गवत-फुलांना त्यात मानाची जागा मिळाली. पाहुण्यांना चहा मिळे, खारवलेले उमे मिळत, आणि सुमिदा काठच्या मातीची बागेतच भाजलेली भांडी घरी नेता येत. साहित्यिकांचा हा अड्डा इतका गाजला की अकरावे शोगुन इएनारी स्वतः तिथे येऊन गेले. सत्ताधीशाने व्यापाऱ्याची बाग पाहायला यावं, ही उलटी गंगा त्या काळात छोटी नव्हती.

१८३१ साली किकुउ गेला. त्याच्या स्मरणार्थ बागेत किडे सोडण्याची प्रथा पडली आणि तीच आज दर ऑगस्टमध्ये ‘किड्यांचं गाणं ऐकायची’ संध्याकाळ म्हणून चालू आहे. चंद्राचा मेळा त्यानंतर महिनाभराने येतो.

मधल्या काळात या रीतीवर एक सरकारी घाव पडला. मेइजी सरकारने चांद्र पंचांग मोडीत काढलं. जुन्या गणनेप्रमाणे बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवसानंतर एकदम १ जानेवारी १८७३ उजाडला. बहुतेक सण नव्या तारखांना चिकटवले गेले, सातव्या महिन्याची सातवी रात्र सरळ ७ जुलै झाली. पण १५ ऑगस्टला चंद्र असेलच याची हमी कोणतं सरकार देणार? या एका रात्रीसाठी तरी लोकांना जुनं पंचांग ठेवावंच लागलं, आणि म्हणूनच आजही जपानची राष्ट्रीय वेधशाळा दरवर्षी त्या रात्रीची तारीख जाहीर करते. गंमत अशी की ती रात्र नेमकी पौर्णिमेची असतेच असं नाही. २०२४ साली ती १७ सप्टेंबरला होती, चंद्र पूर्ण झाला दुसऱ्या दिवशी. २०२५ साली ती ६ ऑक्टोबरला आली, म्हणजे आपल्या कोजागरीच्याच दिवशी.

विसाव्या शतकात मालकीचा प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी सुटला. योकोहामाचे रेशीम व्यापारी हारा सांकेई यांनी १९०६ साली आपली खासगी बाग ‘सांकेईएन’ सर्वांना खुली केली. १९१४ साली त्यांनी क्योतोजवळच्या तोम्योजी मंदिराचा १४५७ सालचा तीन मजली पॅगोडा आणून तिथल्या टेकडीवर उभा केला. या पॅगोड्याच्या मागून चढणारा चंद्र पाहायला आजही शरदात बाग रात्री उघडी ठेवतात. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले तेव्हा ते इथेच हारांचे पाहुणे होते आणि ‘स्ट्रे बर्ड्‌स’ हे पुस्तक त्यांनी हारांनाच अर्पण केलं.

ह्याक्काएनची वाट खडतर होती. १९१० सालच्या महापुराने बाग धुऊन नेली. तिला आधी एका उद्योजकाने सावरलं आणि १९३८ साली त्याच्या विधवा पत्नीने ती टोकियो शहराला देऊन टाकली. पुढच्या वर्षी ती नागरिकांसाठी उघडली. १९४५च्या बाँबहल्ल्यात सारं जळालं. युद्धानंतर जागा खेळाच्या मैदानासाठी घ्यावी असाही विचार पुढे आला होता, पण परिसरातल्या लोकांनी आणि बागप्रेमींनी तो हाणून पाडला आणि १९४९ साली बाग पुन्हा उघडली. १९७८ साली तिला राष्ट्रीय संरक्षण मिळालं.

आजचा मेळा शरदातल्या त्या रात्रीच्या आगेमागे तीन दिवस चालतो. सप्टेंबर म्हणजे तिकडे तुफानांचा आणि पावसाचा महिना, त्यामुळे तीन दिवस ठेवणं शहाणपणाचंच. (बाशोसारखा कवी १६८७ साली खास चंद्रासाठी काशिमाला गेला, आणि रात्रभर पाऊस पडला. पहाटे जरासं उघडलं, तेवढ्यावर त्याने भागवलं.) एरवी ५ वाजता बंद होणारी बाग या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उघडी असते. दारातून आत गेलं की वाटेच्या कडेने गुडघ्याएवढ्या उंचीचे कागदी कंदील, आणि कंदिलांवर लोकांनी लिहून दिलेल्या हायकू. हागी नावाच्या झुडपाच्या फांद्या बांबूच्या कमानींवर वळवून केलेला सुमारे ३० मीटरचा बोगदा आहे, त्यात बारीक गुलाबी-जांभळी फुलं अंगावर गळत राहतात. मोकळ्या जागी चौरंगावर दांगोंचा मनोरा, अळकुड्या, भाज्या, फळं आणि सुसुकीची जुडी मांडलेली. कोतो किंवा बासरी वाजते, चहा दिला जातो. कवितांच्या कोरीव शिळा जागोजागी आहेत, बाशोचीही आहे. आणि झाडांच्या वर मान केली की चंद्राच्या आधी डोळ्यांत भरतो तो ६३४ मीटर उंचीचा स्काय ट्री मनोरा. शुद्धतावादी मंडळी त्यावर नाकं मुरडतात. पण तिकीट काढून आत आलेल्या गर्दीला दोन्ही एकाच छायाचित्रात हवे असतात आणि एदोतली गर्दीही काही वेगळी नसावी.

मराठी वाचकाला याचा एक धागा पुण्यातच सापडेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, ती इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली सुरू करून १७०० साली पुरी केली. १८८४ साली ती लोकांना खुली झाली आणि तिथेही शरदातल्या चंद्रासाठी रात्री दार उघडतात.

टोकियोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या किंवा त्या सुमारास तिकडे जाणाऱ्या मंडळींनी एक संध्याकाळ ह्याक्काएनसाठी जरूर राखावी. तोबू मार्गावरच्या हिगाशी-मुकोजिमा स्थानकावरून बाग चालत गाठता येते, प्रवेश १५० येन. २०२६ साली ती रात्र २५ सप्टेंबरला आहे, म्हणजे इकडे अनंत चतुर्दशी. जाताना डासांचं मलम तेवढं बरोबर न्यावं. सव्वादोनशे वर्षांच्या बागेत त्यांचीही वस्ती जुनीच आहे.