हळदीचे पुरावे : ग्रंथ, पेटंट आणि अर्क

हळदीविषयी मराठीत एक म्हण आणि एक वाक्प्रचार विशेष रूढ आहे, आणि दोहोंतही अतिउत्साहाची थट्टाच आहे. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही उतावळ्या फलाकांक्षेवरची टीका, तर ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ ही अल्पशा प्राप्तीने चढणाऱ्या गर्वावरची. ज्या समाजात विवाहाचा आरंभ हळद लागण्याने होतो आणि जेजुरीला भंडारा उधळला जातो, त्याच समाजाच्या भाषेने हळदीच्या गुणांबाबत असा सावधपणा जपावा, हे लक्षणीय होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस हळदीभोवती जो इतिहास घडला, त्यात हा सावधपणा क्वचितच आढळतो.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने त्यातील दावे अमान्य केले. हा लढा राष्ट्रीय अस्मितेचा विजय म्हणून पुष्कळदा सांगितला गेला आहे. त्याची वाङ्मयीन बाजू मात्र उपेक्षितच राहिली. वस्तुतः तो ग्रंथपुराव्याचा लढा होता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू इत्यादी भाषांतील ३२ संदर्भ सादर केले. १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही त्यांत होता.

ग्रंथच का लागले? कारण तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट केवळ प्रचारात असणे पुरेसे नव्हते. ती तेथे पेटंटबद्ध झालेली अथवा मुद्रित स्वरूपात वर्णिलेली असणे आवश्यक होते. कापलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या असंख्य स्त्रियांचा अनुभव म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शून्य, आणि त्याच अनुभवाची छापील नोंद म्हणजे निर्णायक पुरावा. मौखिक आणि लिखित परंपरांतील श्रेणीभेदाची चर्चा तौलनिक साहित्याभ्यासात नेहमीच होते. येथे तो भेद कायद्याचे कलम होऊन अवतरला. परदेशातील प्रत्यक्ष वापरालाही पूर्वज्ञान मानणारा बदल अमेरिकेने २०११ च्या कायद्याने केला.

मौखिकाची ही गळती जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता याचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात ‘देशी केशर’ या अर्थाच्या नावाने हळद येते. ग्रंथ संवादरूप आहे. ऑर्ता आणि पाहुणा रुआनो यांच्या संभाषणात वैद्य, व्यापारी आणि वनस्पती आणून दाखवणारी आंतोनिया ही दासीही वावरते. १५६७ मध्ये क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून प्रसिद्ध केला तेव्हा संवाद गेला आणि त्याबरोबर आंतोनियाही गेली. युरोपातील विद्वानांपर्यंत मुख्यतः पोहोचला तो हा संक्षेप.

दुसरी गाळणी रसायनशास्त्राची. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले. कर्क्युमिनची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. वाळलेल्या हळदीत हे द्रव्य सामान्यतः काही टक्केच असते. चरकसंहितेत हरिद्रा कुष्ठघ्न, विषघ्न अशा गणांत इतर द्रव्यांच्या संगतीने येते. प्रयोगशाळेत ती संगती सुटली आणि एकट्या रेणूवर सारी मदार आली. तो रेणू आतड्यातून रक्तात फारच थोडा उतरतो. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिऱ्यातील द्रव्य, दिले असता माणसांत त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढल्याचे नोंदवले. स्वयंपाकघरातली हळद-मिऱ्याची जोडी अशी अर्काच्या रूपाने परतली.

अमेरिकेत १९९४ च्या आहारपूरकविषयक कायद्यामुळे अशा अर्कांना विक्रीपूर्वी परिणामकारकता सिद्ध करण्याचे बंधन उरले नव्हते. बाजार फोफावला. ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा त्याचा आवडता युक्तिवाद. येथेच घोटाळा होतो. १९९७ च्या निर्णयाने हळदीचा हा उपयोग नवा नाही एवढेच ठरवले. तो उपयोग गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच. प्राचीनत्वाचा पुरावा परिणामाचा पुरावा म्हणून विकला गेला. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तील एका विस्तृत समीक्षेने १२० हून अधिक चिकित्सकीय चाचण्यांचा उल्लेख करून दाखवले की, दुहेरी अज्ञात, प्लासिबो-नियंत्रित अशी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही. कर्क्युमिन अनेक परीक्षणांत फसवा होकार देते, हेही तीत स्पष्ट केले होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधनजाळ्याने हळदीच्या पूरकांशी संबंधित १० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील एक दगावला. आमटीतील चिमूटभर हळदीचा हा दोष नव्हे. शोषण वाढवून दिलेल्या मोठ्या मात्रा ही वेगळीच वस्तू आहे.

हळदीच्या खटल्याच्या अनुभवानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभारण्याचे काम सुरू झाले. त्यात श्लोकांचे रूढ अर्थाने भाषांतर होत नाही. त्यांतील द्रव्ये, कृती आणि उपयोग संकेतबद्ध होऊन इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत प्रकटतात. छंद, भाष्य आणि पाठभेद मागेच राहतात. या संग्रहाचा मुख्य आधार आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांचे ग्रंथ हाच आहे. ओव्या, म्हणी आणि माजघरातील हातगुण यांची नोंद तेथे नाही.