कर्नलच्या गल्ल्यात हात कुणी घालायचा?

किराणा दुकानात सुट्टे हवे असतील तर आपण दुकानदाराकडे मागतो, गल्ल्यात स्वतः हात घालत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांपुढे असाच प्रश्न वारंवार येतो. आतली माहिती दुसऱ्या कोडला हवी असेल तर ती थेट उघडी करायची, की ती देणारं किंवा बदलणारं छोटं फंक्शन, म्हणजे ‘हेल्पर’, लिहून द्यायचं?

लिनक्समधलं एक उदाहरण बघा. (तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल असतो.) चालू असलेल्या प्रत्येक ॲपच्या मेमरीची नोंद कर्नल तुकड्यातुकड्यांनी ठेवतो. त्या नोंदीत ‘व्हीएम फ्लॅग्ज’ नावाचा आकडा असतो. या तुकड्यात वाचता येतं का, लिहिता येतं का, त्यातला कोड चालवता येतो का, हे त्यावरून ठरतं. अनेक वर्षं हा आकडा उघडाच होता. कुठलाही ड्रायव्हर तो थेट बदलायचा. आधी लॉक घ्या, मग बदला, असा नियम होता. पण तो पाळला जातोय का, हे त्या जागी तपासणारं काहीच नव्हतं.

दरम्यान मेमरीचं काम वेगाने व्हावं म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र लॉक द्यायचं ठरलं. आता पंचाईत झाली. आकडा बदलणारा कोड कर्नलभर विखुरलेला, आणि एक जागा जरी सुटली तरी क्वचितच दिसणारा, शोधायला महाकठीण असा बग तयार.

म्हणून 2023 मध्ये आलेल्या 6.3 आवृत्तीत हा आकडा बदलण्यासाठी हेल्पर आले. मला यातली खरी हुशारी पुढच्या गोष्टीत वाटते: आकडा लपवला नाही, फक्त ‘कॉन्स्ट’ केला. वाचा खुशाल, पण थेट लिहायला गेलात तर कंपायलरच अडवतो. आधी हेल्पर फक्त लॉक घेतलाय का एवढं तपासायचे. त्याच वर्षी 6.4 मध्ये स्वतंत्र लॉक आले, तेव्हा तो लॉक घेण्याची ओळ हेल्परच्या आत टाकली गेली. बोलावणाऱ्या कोडला हातही लावावा लागला नाही.

फंक्शनमुळे वेग कमी होतो, असा आक्षेप नेहमी येतो. इथे तो लागू नाही. हे हेल्पर ‘इनलाइन’ आहेत, कंपायलर त्यांचा मजकूर जागच्या जागी बसवतो.

उलट टोकाचा हेल्परही असतो. ‘कॉलसिम्स लुकअप नेम’ला नाव दिलं की कर्नलमधल्या त्या फंक्शनचा किंवा डेटाचा पत्ता मिळायचा. म्हणायला हेल्पर, प्रत्यक्षात गल्ल्याची किल्ली! 2020 च्या 5.7 आवृत्तीत मॉड्यूलसाठी तो बंद झाला.

या बदलांचा त्रासही झाला. कर्नलबाहेर सांभाळले जाणारे अनेक ड्रायव्हर 6.3 वर कंपाइल होईनात, आणि त्यांच्या लेखकांना ‘जुना कर्नल असेल तर असं, नवा असेल तर तसं’ अशा अटी कोडमध्ये घालाव्या लागल्या.