कॅनव्हासवरचे भरतकाम : टाक्यांची निवड आणि शेवटचा हात

केळझर (जि. वर्धा) : नागपूर-वर्धा मार्गावरील केळझरच्या सिद्धिविनायकाची गणना विदर्भातील अष्टविनायकांत होते. या परिसरात भिंतीवर लावण्याच्या भरतकामासाठीही गजाननाचे चित्र आवडीने निवडले जावे, यात नवल नाही. रंगविलेल्या जाळीदार कॅनव्हासवर लोकरीने किंवा सुती धाग्याने हे चित्र भरायचे असते. उत्साहाने हाती घेतलेली अशी कितीतरी चित्रे मुकुट आणि सोंड भरून झाल्यावर पेटीच्या तळाशी जातात. आळसापेक्षा पुढचा निर्णय न झाल्यानेच हे अधिक घडते.

कामाचा आवाका आधी ध्यानात घेतलेला बरा. इंचाला १४ घरे असलेल्या कॅनव्हासवर १० बाय १२ इंचांचे चित्र पूर्ण भरायचे तर २३,५२० टाके घालावे लागतात. इंचाला १० घरे असतील तर हीच संख्या १२,००० वर येते. त्यातील मोठा वाटा पार्श्वभूमीचा असतो आणि चित्र रखडते तेही बहुधा तेथेच. दुहेरी धाग्यांच्या कॅनव्हासला ‘पेनेलोपी’ हे नाव आहे. दिवसा विणलेले वस्त्र रात्री उसवणाऱ्या ग्रीक कथेतील राणीचे हे नाव या कामाला फारच शोभते!

रंगविलेल्या पृष्ठभागावर सुई कोठे चालवावी आणि कोठे थांबवावी, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राजा रविवर्मा यांचा चित्रमुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांवर जरी, टिकल्या, मणी आणि कापड लावून ती सजविण्याची प्रथा होती. अशा जुन्या चित्रांत साडी-दागिने जरीने मढविलेले दिसतात. चेहरा, हात आणि पाय मात्र छापील तसेच ठेवलेले असतात. सजविणाऱ्या हातांना चित्राचा प्राण कशात आहे, हे नेमके ठाऊक होते.

कॅनव्हासवर चेहराही भरावा लागतो. पण तेथे साधा, बारीक तिरपा टाकाच योग्य. डोळ्यासारख्या चार-सहा घरांच्या जागी नक्षीचा टाका घातला की मुद्रा बिघडते. पीतांबर, आसन, प्रभावळ अशा मोठ्या भागांत मात्र लांब उभे टाके, गाठींचे टाके किंवा चकाकता धागा खुलून दिसतो. सगळीकडेच नक्षी केली तर नजर कोठेच ठरत नाही.

तिरप्या टाक्याचेही तीन प्रकार आहेत. पुढून तिन्ही सारखेच दिसतात, फरक मागे असतो. अर्ध्या फुलीच्या टाक्याला लोकर कमी लागते, पण पाठ विरळ राहते. एकेरी धाग्यांच्या जाळीवर तो सरकतोही. कॉन्टिनेन्टल टाक्याची पाठ भरीव असते. मात्र कापड तिरके ओढले जाते. कर्णरेषेत घातलेला बास्केट वीव्ह टाका कापडाला सर्वांत कमी ओढतो, म्हणून पार्श्वभूमीसाठी तोच निवडावा. आई किंवा आजीचे अर्धे राहिलेले चित्र पुढे न्यायचे असेल, तर आधी ते उलटून पाहावे. पाठीवर टोपलीसारखी वीण दिसते, लांब तिरके धागे दिसतात की आखूड उभे, यावरून पूर्वीचा टाका ओळखता येतो. तोच पुढे चालवावा, अन्यथा दोन हातांमधली सीमारेषा समोरून उमटते.

लोकरीचा अंदाज घेण्यासाठी एक चौरस इंच भरून धागा मोजावा आणि पार्श्वभूमीची लोकर एकाच वेळी, एकाच लॉटची घ्यावी. जुना रंग मिळालाच नाही, तर बदल पार्श्वभूमीच्या मधोमध न करता एखाद्या आकृतीच्या कडेला करावा. पार्श्वभूमी मुळीच न भरणे हाही एक पर्याय असतो. जाळी स्वच्छ आणि रंग नीट असेल तर मागे जुळत्या रंगाचे कापड लावून चित्र काचेआड ठेवता येते. पेटीत कुजण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

खरी हानी होते ती शेवटच्या टप्प्यात. तिरके झालेले चित्र गरम इस्त्रीने सरळ करू नये, टाके चपटे होतात. आधी ओला पांढरा कपडा कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का, ते पाहावे. सुटत नसेल तरच चित्र हलके ओलसर करून, काटकोन आखलेल्या फळीवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवावे. सावलीत पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, त्याला हात लावू नये. रंग सुटत असेल तर पाणी टाळून कोरडेच ताणावे. भोवतालची रिकामी जाळी दोन इंच तरी राखावी. ती कापून टाकल्यास पकडायला काही उरत नाही.

चौकट करताना चित्र हार्डबोर्डवर सरसाने चिकटविण्याची घाई नडते. पुढे डाग पडतात आणि चित्र सोडविताही येत नाही. कडा मागे दुमडून, आम्लविरहित पुठ्ठ्यावर दोऱ्याने आडवे-उभे ताणून बांधल्यास चित्र हवे तेव्हा मोकळे करता येते. काच लोकरीला टेकू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी घालावी. पावसाळ्यात काचेला दमट हवा धरते आणि बुरशी तेथूनच सुरू होते. मागून धुतलेल्या खादीचा तुकडा शिवला तर धूळ अडते. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन टाळावे. वर्षातून एकदा चौकट उतरवून कसर लागली आहे का, हे मागच्या बाजूने पाहावे.